मागचा चर बुजवण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, दलदलीच्या कडेच्या शेवटच्या घरात राहणारी विधवा, हे सगळं स्वतःच्या हातानं लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि त्यांचं घड्याळ मागे पडलंय हेही सांगितलं. माझ्यावर कुणी जोरजबरदस्ती केलेली नाही. कुणाची छाती असेल त्यानं करून बघावी.

वकीलबाई म्हणाल्या, “आजी, थोडक्यात लिहा. काय कुणाला, एवढंच.” मी म्हटलं, काय कुणाला हे चार ओळींत उरकेल, पण का ते लिहिलं नाही तर माझी दोन पोरं त्या चार ओळींवरून जन्मभर भांडतील. आधीच त्यांचा अबोला आहे. तेव्हा ज्याला कंटाळा येईल त्यानं मधलं सोडून द्यावं आणि सरळ सही बघावी.

शब्दांचे अर्थ वकीलबाईंच्या सांगण्यावरून आधीच ठरवून टाकते. या कागदात ‘हे’ म्हणजे माझे दिवंगत यजमान. आयुष्यभर मी त्यांना ‘हे’च म्हटलं, आता कायद्यासाठी बदलणार नाही. ‘थोरला’ म्हणजे माझा मुलगा, खोदकामाचं यंत्र चालवतो. ‘धाकटी’ म्हणजे माझी मुलगी, शाळेत शिकवते. ‘दलदल’ म्हणजे आमच्या घरामागची सगळी काळी, ओली जमीन. तिथं शेवाळ मरतं, पण पाण्याखाली कुजत नाही. थरावर थर बसत जातात आणि त्याचीच माती होते. आणि ‘मागचा चर’ म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तो. सगळी भानगड त्या चराची आहे.

कलम पहिलं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. त्यात घर धाकटीला आणि घरामागची पट्टी थोरल्याला दिली होती. तेव्हा ती दोघं एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती.

कलम दुसरं. बँकेत जे काही निघेल ते दोघांना निम्मं निम्मं. यात सांगण्यासारखं काही नाही.

कलम तिसरं. घरातलं सामान. शिवणयंत्र, भांडी आणि आरसा धाकटीला. लाकडी कपाट थोरल्याला. कपाटाच्या मागच्या पायांखाली पाचरी आहेत त्या नेताना काढाव्यात, नाहीतर तुझ्या घरात ते पुढं कलेल आणि तू म्हणशील आईनं वाकडं कपाट दिलं. वाकडं कपाट नाही, घर आहे. पुढची बाजू कठीण जमिनीवर आणि मागची दलदलीवर. चरांनी पाणी ओढून नेलं तशी मागची जमीन बसत गेली आणि घर तिच्यामागं गेलं. लहानपणी तुम्ही दोघं पुढच्या दारात गोटी सोडायचात आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटेपर्यंत ओरडायचात. माझं डोकं उठायचं. आता मी कधीकधी एकटीच गोटी सोडते.

कलम चौथं. लांब, अरुंद पात्याचं फावडं थोरल्याला. यंत्र चालवणाऱ्याला फावडं कशाला, असं म्हणू नकोस. त्या पात्यावरच तुझं सगळं बालपण चाललं.

लग्न होऊन मी आले तेव्हा हे पोतीवाल्याकडे चर खोदायच्या कामावर होते. पोतीवाला म्हणजे ज्यानं ही दलदल विकली तो. चर खोदून पाणी काढायचं, माती वाळवायची, पोत्यांत भरायची आणि दूरदूरच्या रोपवाटिकांना पाठवायची. शहरातल्या लोकांच्या गॅलरीतल्या कुंड्यांत आमच्या घरामागची जमीन गेली. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. चूल पेटत होती आणि पोरांना दप्तरं मिळत होती.

मग एका उन्हाळ्यात ती वाळलेली माती पेटली. ज्यानं बघितलं नाही त्याला खरं वाटत नाही, पण ही जमीन आतून जळते. ज्वाळा नाहीत, काही नाही. नुसता धूर, आणि पाय ठेवला की खाली पोकळ. एका जागी विझवलं की दुसरीकडून धूर यायचा. यांनी तो सबंध उन्हाळा तोंडाला ओलं फडकं बांधून पंपाची नळकांडी ओढण्यात घालवला. पोतीवाला गाडीतून आला, काच अर्धी खाली केली, “जरा लवकर आटपा,” म्हणाला आणि काच वर करून निघून गेला. धुराचा त्याला त्रास होत होता म्हणे! यांच्या छातीला जे धरलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

आग विझल्यावर यांनी त्याचं काम सोडलं आणि दलदल पुन्हा ओली करायला जी समिती निघाली होती तिच्याकडे गेले. “मी खोदलेले चर मला ठाऊक आहेत, मीच बुजवतो,” एवढंच बोलले. हे मुळात बोलायचेच कमी. अंगानं दांडगे, खुर्चीत बसले की खुर्चीच जास्त बोलायची. त्याच फावड्यानं मातीच्या वड्या कापून, फळ्या ठोकून यांनी एकेक चर अडवला. पाणी थांबलं. पाण्यावर शेवाळ आलं, आधी बोटभर, मग गाद्यांसारखं. पक्षी आले. मी एकदा म्हटलं, “खोदताना जोर लागला नसेल इतका बुजवताना लागतोय तुम्हाला.” तर म्हणाले, “खोदताना मी तरणा होतो.”

कलम पाचवं. पोतीवाल्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. मी गेल्यावर तो येईल, दारात उभा राहून लांब चेहरा करील. त्याला पाणी विचारावं, बसायला खुर्ची द्यावी आणि खुर्ची धुराड्याच्या बाजूला ठेवावी. माझा राग गेलेला नाही आणि मरायच्या आधी जाईल असं दिसत नाही. तो मी कुणाला वारशानं देत मात्र नाही. माझ्याबरोबर संपू दे.

कलम सहावं. हे पाण्याच्या मोजणीबद्दल आहे आणि वकीलबाईंना ते गाळायचं होतं. गाळू नये.

दलदलीच्या मध्यावर एक पाईप उभा पुरलेला आहे. त्याला अंगभर भोकं आहेत, म्हणजे जमिनीत पाणी जिथवर असेल तिथवर ते पाईपमध्येही उभं राहतं. मोजायचं कसं? एक बारीक नळी तोंडात धरून फुंकत फुंकत पाईपमध्ये खाली सोडायची. नळीचं टोक पाण्याला टेकलं की बुडबुड वाजतं. त्या क्षणी पाईपच्या तोंडाशी नळीवर अंगठा धरायचा, नळी वर काढायची आणि अंगठ्यापासून टोकापर्यंत मोजायचं. नळी जितकी कमी आत गेली तितकं पाणी वर, तितकं बरं. दलदलीवर वारा असतो, आणि फुंकणाऱ्याला स्वतःच्या फुंकरीत काही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दोघं जायचो. हे फुंकायचे, मी पाईपच्या तोंडाशी कान लावायची. हे मध्येच नळी तोंडातून काढून विचारायचे, “आलं का?” मी सांगायची, “अजून नाही.” मग पुन्हा, “आलं का?” “आलं.”

आमच्या संसारात एवढं सलग बोलणं दुसरीकडे कुठं झालं असेल असं मला वाटत नाही.

छाती बिघडत गेली तसा यांचा दम पुरेना. मग मी फुंकायला लागले आणि हे नुसते शेजारी उभे राहून वाकून ऐकायचे. पाणी छान वर असायचं. समितीतल्या लोकांना मोजणी कळवली की ते फोनवर शाबासकी द्यायचे, आणि हे तो फोन मला हातात धरायला लावून दोन्ही कान देऊन ऐकायचे. शेवटी हे अंथरुणाला खिळल्यावर मी एकटी जाऊन आले तो दिवस पावसाचा होता, सगळीकडे पाणीच पाणी. परत आले तर यांनी डोळे न उघडता विचारलं, “आलं का?” मी म्हटलं, “आलं. अगदी वरपर्यंत आलं.” दोन दिवसांनी गेले. दलदल जगली असं समजून गेले.

पाऊस सरला आणि मी एकटी मोजायला लागले. पाणी खाली गेलं होतं. पुढच्या वेळीही खाली. ऐन ओल्या महिन्यांतही आम्ही दोघं होतो तेव्हाइतकं येईना. मध्यावरचं शेवाळ फिकट पडायला लागलं. मी त्या पाईपपाशी बसून रडले, उगाच लपवत नाही. मला वाटलं, दलदलीनंही यांच्यामागं अंग टाकलं.

मग समितीनं एक संशोधक पोरगी पाठवली. गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून मी तिला टेपवाली म्हणते. ती माझ्याबरोबर पाईपपर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, मातीकडे बघितलं आणि विचारलं, “आजी, पूर्वी इथं कोण कोण उभं राहायचं?”

मी म्हटलं, “आम्ही दोघं.”

“आजोबा अंगानं कसे होते?”

“हे काय विचारणं झालं? दांडगे होते.”

तिनं मला जरा लांब उभं केलं आणि नळी सोडली. मग मला पाईपजवळ बोलावलं आणि पुन्हा सोडली. मी आहे चिमणीएवढी, तरी पाण्यात फरक पडला. ही माती ओल्या गादीसारखी. माणूस उभं राहिलं की ती दबते आणि आतलं पाणी पाईपमध्ये वर चढतं. तुम्ही निघून गेलात की पाणी पुन्हा आपल्या जागी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे यांनी इतकी वर्षं मोजलं ते सगळं खोटं?”

पोरगी घाबरली, पण मागं सरली नाही. म्हणाली, “खोटं नाही, आजी. पाण्यात आजोबांचं वजन आलं होतं, एवढंच.”

ती गेल्यावर मी काय केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. एक जुनं पोतं ओल्या मातीनं भरलं, फळकुटावर घालून ओढत ओढत पाईपपर्यंत नेलं आणि हे उभे राहायचे तिथं ठेवलं. मग शेजारी उभं राहून फुंकलं. बुडबुड वर वाजलं. पूर्वीसारखं, जवळ. मी म्हटलं, “आलं हो.” दलदलीवर दुसरं कुणी नव्हतं.

पोतं मी तिथून हलवलं आहे. पाईपशेजारी टेपवालीनं आता खुंटांवर फळी टाकून दिली आहे, मोजणाऱ्यानं त्या फळीवरच उभं राहावं. खरं मोजमाप तेच.

कलम सातवं. आता घर आणि मागचा चर.

मध्यावर पाणी का टिकत नाही, असं मी टेपवालीला विचारलं तेव्हा ती चपला चिखलातून काढायच्या निमित्तानं खाली बघत राहिली. मी म्हटलं, “सांग, मी काही तुला खात नाही.” मग म्हणाली, एक चर अजून उघडा आहे, तो मध्याचं पाणी ओढतो. कुठला, हे तिनं सांगितलं नाही आणि मला सांगायची गरजही राहिली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मला रोज दिसत होता. मला वाटायचं, यांनी तो शेवटी बुजवायचा म्हणून ठेवलाय.

समितीतल्यांना विचारलं तेव्हा कळलं, यांनी समितीला अट घातली होती. सगळे चर बुजवीन, मागचा नाही. तो बुजवला तर पाणी घरात येईल. “ती आहे तोवर तिच्या पायाखाली कोरडं राहू दे,” असं म्हणाले होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या दलदलीत एक भोक ठेवलं, माझ्यासाठी. आणि स्वतःच्याच वजनानं पाणी वर येत होतं म्हणून त्यांना वाटलं, भोक असूनही जमलं. अहो, मला विचारायचं तरी! मी कुठंही राहिले असते. तुमच्याबरोबर पाण्यातसुद्धा राहिले असते.

हे थोरल्याला कळलं तसा तो यंत्र घेऊन चर बुजवायला आला. म्हणाला, “आई, माझ्याकडे चल. बाबांचं काम अर्धं राहिलंय.” धाकटी शाळेतून तशीच धावत आली आणि यंत्रासमोर उभी राहिली. “आईचं घर बुडवायला आलास? बाबांनी जे तिच्यासाठी ठेवलं तेवढंसुद्धा तुला बघवत नाही?” थोरला म्हणाला, “तुला बाबा कळलेच नाहीत.” ती म्हणाली, “तुला आई कळली नाही.” मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी पोस्टमनलासुद्धा बोलण्यात हार जात नाही, पण त्या दिवशी बाजू कुणाची घ्यायची? माझी दोन्ही लेकरं बरोबर होती. थोरला यंत्र वळवून गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. तो आला की ती येत नाही, ती आली की तो गाडी न थांबवता पुढं जातो. माझ्या दुखण्यात औषधाच्या बाटलीवर चिठ्ठ्या चिकटवून एकमेकांना निरोप देतात. या घराची जमीन खचली त्याचं मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तर माझी इच्छा अशी. मी आहे तोवर मागचा चर उघडा राहील. हा माझा हट्ट समजा. हे ज्या खोलीत गेले त्या खोलीतून मला जायचं आहे. यांनी माझ्या पायाखाली जे कोरडं ठेवलं ते मी शेवटपर्यंत वापरणार, त्याला नाही म्हणणार नाही. मी गेल्यावर चर बुजवावा. घर कुणालाही नाही. दारं, खिडक्या, कौलं, वायरी, पाण्याची टाकी, जे जे पाण्यात राहून घाण करील ते सगळं काढून न्यावं. लाकूड ज्याला हवं त्यानं न्यावं. उरलेलं घर आणि मागची पट्टी समितीकडे, म्हणजे पाण्याकडे.

चर थोरल्यानंच बुजवावा, परक्या यंत्रानं नाही. पण धाकटीनं स्वतः तिथं उभं राहून “हो” म्हटल्याशिवाय त्यानं यंत्र सुरू करू नये. धाकटे, तू माझ्यासाठी यंत्रासमोर उभी राहिलीस हे मी विसरलेले नाही. आता बाजूला हो, बाळ. आईचे पाय आता भिजणार नाहीत.

कलम आठवं. माझ्या देहाचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवावं. फक्त दलदलीत पुरू नये. तिथं काही कुजत नाही. मी आहे तशी राहीन, आणि पुढंमागं कुणीतरी शहाणा मला उकरून काढून माझं वय मोजत बसेल. हयातीत मी ते कुणाला सांगितलं नाही.

कलम नववं आणि शेवटचं. नळी.

ती दाराच्या वरच्या खिळ्यावर टांगलेली आहे. तोंडाकडच्या टोकाला यांच्या दातांच्या खुणा आहेत, त्या घासू नयेत. ही एकच वस्तू मी वाटून देत नाही. ती थोरल्याची आणि धाकटीची, दोघांची मिळून. कापता येणार नाही, विकता येणार नाही, एकानं दुसऱ्याला बहाल करून मोकळं होता येणार नाही. वकीलबाई म्हणतात अशी अट कोर्टात टिकायची नाही. न टिकू दे. मी कोर्टाला सांगत नाहीये.

चर बुजल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. मग दोघं मिळून मधल्या पाईपपाशी जा. आधी फळीवर उभं राहून नीट मोजा आणि टेपवालीला कळवा. त्यानंतर फळीवरून खाली उतरा, पाईपच्या दोन बाजूंना, आम्ही उभे राहायचो तसे, चिखलात. थोरला अंगानं बापावर गेला आहे, धाकटी माझ्यावर. जमीन दबेल आणि पाणी वर येईल. ते मोजमाप कुणाला कळवू नका, ते आपल्या घरातलं आहे. थोरल्यानं फुंकावं, धाकटीनं कान लावावा. मग थोरल्यानं नळी तोंडातून काढून विचारायचं, “आलं का?”

आणि धाकटीनं उत्तर द्यायचं. उत्तर मिळाल्याशिवाय मोजता येत नाही.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी शाई पसरली आहे, तिथं खाडाखोड नाही, पाणी पडलं आहे. साक्षीदारांनी ते बघितलं आहे.

स्थळ : घराची मागची खोली, खिडकीशी.
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच.

सही : दलदलीकडची आजी (पूर्ण सही शिक्क्याशेजारी)

आम्ही खालील दोघं सांगतो की आजींनी हे आमच्यादेखत वाचून दाखवलं आणि आमच्यादेखत सही केली. आम्हा दोघांना यातलं काहीही मिळणार नाही.

साक्षीदार पहिली : डॉक्टरीणबाई. घड्याळ दुरुस्तीला दिलं आहे.
साक्षीदार दुसरा : पोस्टमन. दोन्ही मुलांना प्रती मीच पोचवणार आहे, एकाच दिवशी.